सूर्यमालेचा प्रकल्प करताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की मुंबईतल्या शाळांना विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागतात आणि प्रत्येक प्रदर्शनात सूर्यमालेचा निदान एक तरी प्रकल्प असतोच. गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या मुलांचे असे प्रकल्प तपासण्याचे आणि दुरुस्त करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. पूर्वी थर्माकोलचे गोळे असत, आता कागदाच्या लगद्याचे असतात. चुका मात्र त्याच आहेत. त्या चुकांचे मूळ शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की ग्रह कसे जन्मले हा एक धडा आणि ग्रह कसे फिरतात हा दुसरा धडा, अशी फोड आपण मनात करून ठेवलेली असते. वास्तविक ग्रहांची आजची गती हीच त्यांच्या जन्माची सर्वांत मोठी खूण आहे. हे ध्यानात ठेवले, तर पुढील बहुतेक चुका आपोआप टळतात.

अंतर आणि आकार एकाच फळीवर बसवणे

चार फूट लांबीच्या फळीवर सूर्य आणि आठ ग्रह बसवले की अंतरे तरी खोटी ठरतात किंवा आकार तरी. फळीवर दोन्ही खरे दाखवणे शक्यच नाही आणि मुलाने हे प्रकल्पाच्या तक्त्यावर स्पष्ट लिहिले पाहिजे. खरे प्रमाण समजून घ्यायचे असेल तर पश्चिम रेल्वेचा नकाशा समोर घ्यावा. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर आहे, आणि पृथ्वी-सूर्य अंतराच्या तीसपट अंतरावर नेपच्यून आहे. म्हणजे चर्चगेटला सूर्य आणि विरारला नेपच्यून मानला, तर पृथ्वी बरोबर दोन किलोमीटरवर, चर्नी रोडच्या जरा अलीकडे येते. बुध मरीन लाइन्सच्या आधीच लागतो, शुक्र मरीन लाइन्स ओलांडल्यावर, मंगळ ग्रँट रोडच्या अलीकडे, आणि गुरू थेट दादरला. शनी विलेपार्ल्याला आणि युरेनस दहिसर व मीरा रोड यांच्या मध्ये येतो. याच प्रमाणात सूर्याचा व्यास १८.६ मीटर, म्हणजे सहामजली इमारतीच्या उंचीइतका होतो. पृथ्वी १७ सेंटिमीटरची, शहाळ्याएवढी. तिच्यापासून पाच मीटरवर लिंबाएवढा चंद्र. आणि दादरच्या फलाटावर उंच माणसाच्या उंचीचा, १.८७ मीटर व्यासाचा गुरू.

हा हिशेब मुलांनी स्वतः करावा, असा माझा आग्रह असतो. चार ग्रह मुंबई सेंट्रल येण्याआधीच संपतात आणि उरलेले चार पुढच्या पंचावन्न किलोमीटरमध्ये विखुरलेले आहेत, हे एकदा आगगाडीच्या खिडकीतून डोळ्यांसमोर आले की सूर्यमाला म्हणजे मुख्यतः रिकामी जागा आहे हे मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

सगळे ग्रह एकाच मोटरवर फिरवणे

फिरत्या प्रतिकृतीत बहुतेक वेळा एकच तबकडी असते आणि तिच्यावर सर्व ग्रह चिकटवलेले असतात. तबकडीला मोटर जोडली की बुध आणि नेपच्यून एकाच वेळात फेरी पूर्ण करतात, जे सर्वथा चुकीचे आहे. बुधाला एका फेरीस ८८ दिवस लागतात, तर नेपच्यूनला जवळपास १६५ वर्षे. १८४६ साली शोध लागल्यानंतर नेपच्यूनची पहिली फेरी पूर्ण व्हायला २०११ साल उजाडले. दूरच्या ग्रहाचा मार्ग लांब असतो एवढेच याचे कारण नाही, त्याचा वेगही कमी असतो. बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर, पृथ्वी ३०, गुरू १३, तर नेपच्यून जेमतेम साडेपाच किलोमीटर वेगाने जातो. केप्लरने १६१९ साली मांडलेला नियम असा की पृथ्वीच्या तुलनेत ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर घेऊन त्याचा घन केला आणि त्याचे वर्गमूळ काढले, की फेरीचा काळ वर्षांत मिळतो. गुरूचे अंतर ५.२; त्याचा घन सुमारे १४१; त्याचे वर्गमूळ ११.९. गुरूचे वर्ष तेवढेच आहे.

आपल्या भाषेत हे माप पूर्वीपासून जपून ठेवलेले आहे. शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. बारा राशींत विभागली तर प्रत्येक राशीला अडीच वर्षे, आणि तीन राशींना साडेसात. साडेसाती या शब्दाशी जोडलेली भीती बाजूला ठेवली, तर त्यात शनीच्या मंद चालीचे बरेच अचूक निरीक्षण दडलेले दिसते.

कक्षा ताणून काढणे आणि ऋतू अंतरावर ढकलणे

कक्षा लंबवर्तुळाकार असते असे पुस्तकात वाचून मुले अंड्यासारखी लांबट कक्षा काढतात. पृथ्वीची कक्षा एक मीटर त्रिज्येची काढली, तर तिची अर्धी लांबी आणि अर्धी रुंदी यांत फक्त ०.१४ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि पेन्सिलीची रेघही त्याहून जाड असते. म्हणून कंपासने सरळ वर्तुळच काढावे, मात्र सूर्य मध्यबिंदूवर न ठेवता पावणेदोन सेंटिमीटर बाजूला सरकवावा. लंबवर्तुळाचा परिणाम एवढाच, पण तो खरा दाखवला जातो.

लांबट कक्षेच्या चित्रातूनच पुढची चूक जन्माला येते: सूर्याजवळ गेलो की उन्हाळा, लांब गेलो की हिवाळा. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. म्हणजे मुंबईत पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते त्याच दिवसांत. सर्वांत दूर ती जुलैच्या आरंभी असते. ऋतूंचे कारण पृथ्वीच्या आसाचा २३.४ अंशांचा कल हे आहे.

येथे माझ्या मते सर्वांत जास्त जपण्याची जागा आहे, कारण कल दाखवूनही प्रतिकृती चुकते. मूल पृथ्वीगोल हातात धरून दिव्याभोवती फिरते आणि फिरताना स्वतः वळत असल्यामुळे गोलाचा उत्तर ध्रुव सतत दिव्याकडेच झुकलेला राहतो. अशा प्रतिकृतीत मुंबईला बारा महिने उन्हाळा असेल. आस पूर्ण फेरीत एकाच दिशेला रोखलेला राहिला पाहिजे. खोलीच्या एका भिंतीवर उंचावर खडूने खूण करावी, तिला ध्रुवतारा मानावे, आणि गोल दिव्याच्या कोणत्याही बाजूला असला तरी त्याचा आस त्या खुणेच्या दिशेलाच कललेला आहे ना, हे प्रत्येक पावलाला तपासावे. एवढी एक दुरुस्ती केली की जूनमध्ये उत्तर गोलार्ध दिव्याकडे आणि डिसेंबरमध्ये दिव्यापासून दूर झुकलेला आपोआप दिसतो. याची पडताळणी गच्चीवर होते: मेच्या मध्यावर, दुपारी साडेबाराच्या सुमारास, उभ्या काठीची सावली मुंबईत जवळजवळ नाहीशी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा तो ढगांमुळे क्वचितच दिसतो.

गोल फिरवण्याची दिशाही तपासावी. उत्तरेकडून पाहिले असता पृथ्वी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. खात्री करण्यासाठी गोलावर कोलकाता आणि मुंबई शोधावी. दिव्याचा उजेड आधी कोलकात्यावर पडत नसेल, तर दिशा उलटी आहे.

‘दोन बले समान, म्हणून ग्रह पडत नाहीत’ असे लिहिणे

तक्त्यांवर हे वाक्य हमखास असते: सूर्य आत ओढतो, केंद्रोत्सारी बल बाहेर ढकलते, दोन्ही समान असल्याने ग्रह जागच्या जागी राहतो. दोन्ही बले खरोखर समान असती, तर ग्रह वळलाच नसता, सरळ रेषेत निघून गेला असता. खरे असे की पृथ्वी अखंड सूर्याकडे पडत असते. एका सेकंदात ती आपल्या मार्गावर ३० किलोमीटर, म्हणजे चर्चगेटपासून मालाडच्याही थोडे पुढे जाईल इतकी सरकते, आणि तेवढ्याच वेळात सूर्याच्या दिशेने अवघी तीन मिलिमीटर पडते. या तीन मिलिमीटरनेच तिचा सरळ मार्ग वाकतो आणि वर्षभरात वळसा पूर्ण होतो. मग पुढे जाण्याचा हा वेग तिला कोणी दिला, असा प्रश्न चौकस मूल विचारतेच, आणि त्याचे उत्तर गतीच्या धड्यात मिळत नाही.

जन्माची जुनी कथा सांगणे

ते उत्तर जन्माच्या कथेत आहे, आणि नेमकी तीच कथा सर्वाधिक चुकीची सांगितली जाते. सूर्याचे तुकडे उडून ग्रह झाले, असे अजूनही लिहिले जाते. ही कल्पना एके काळी गंभीरपणे मांडली गेली होती: फ्रेंच निसर्गवैज्ञानिक बुफाँने १७४९ साली धूमकेतू सूर्यावर आदळल्याचे सुचवले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जवळून गेलेल्या ताऱ्याने सूर्यातून द्रव्य ओढून काढल्याची कल्पना पुढे आली होती. परंतु सूर्यातून निघालेले अतितप्त द्रव्य एकत्र न येता पसरून जाईल, आणि गुरूसारख्या दूरच्या ग्रहाला लागणारा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याच्या गतीचा साठा, त्याला मिळणार नाही, या दोन आक्षेपांपुढे ती टिकली नाही. दुसरी चूक महास्फोटाची. विश्वाचा आरंभ सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा, तर सूर्यमालेचा सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वीचा. मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या आयेंदे या अशनीतील पांढुरक्या कणांवरून हे वय मोजलेले आहे. ग्रहांच्या जन्माचे स्पष्टीकरण महास्फोटापासून सुरू करणे म्हणजे नऊशे कोटी वर्षांची घाई करणे होय.

घडले ते असे. वायू आणि धूळ यांच्या एका थंड, अतिशय संथपणे फिरणाऱ्या मेघाचा भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला. मंगळागौरीत फुगडी घालणाऱ्या दोघी हात आखडून जवळ आल्या की त्यांची गिरकी जशी वाढते, तसा आकसताना त्याचा फिरण्याचा वेग वाढला. वरखाली जाणारे कण एकमेकांवर आदळून त्यांची ती गती नष्ट झाली, सामायिक फिरणे तेवढे उरले, आणि मध्ये सूर्य व भोवती चपटी तबकडी अशी रचना तयार झाली. चिलीतील आल्मा दुर्बिणीने २०१४ साली एचएल टॉरी या तरुण ताऱ्याभोवती अशीच तबकडी टिपली आहे. पृथ्वीला पुढे नेणारा वेग हा त्या तबकडीच्या फिरण्याचा वारसा आहे. आठही ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळपास एकाच प्रतलात फिरतात, तेही याचमुळे. शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो आणि युरेनस आडवा पडल्यासारखा आहे. ही परिवलनातली वेगळीक आहे, सूर्याभोवतीच्या परिभ्रमणाची दिशा या दोघांचीही इतरांसारखीच आहे.

जड द्रव्य सूर्याजवळ बसले आणि हलके वायू लांब गेले, असेही उत्तरपत्रिकांत आढळते, जणू तबकडी म्हणजे धान्य पाखडण्याचे सूपच होते. निर्णायक ठरले ते तापमान. सूर्याजवळ फक्त खडक आणि धातू घनरूपात राहू शकले. हे द्रव्य मुळातच थोडे, म्हणून तिथले ग्रह लहान राहिले. हिमरेषेच्या, म्हणजे पाणी जिथून पुढे गोठून राहू शकते त्या अंतराच्या, पलीकडे, आपल्या रेल्वेच्या नकाशावर साधारण मुंबई सेंट्रल आणि महालक्ष्मी यांच्या मधल्या जागेपासून पुढे, पाण्याचा बर्फही टिकला, घन द्रव्य वाढले, आणि गुरूचा गाभा इतका मोठा झाला की त्याने भोवतालचा हायड्रोजन आणि हेलियम ओढून घेतला. आज त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांना फुटलेल्या ग्रहाचे अवशेष म्हणू नये. ते सगळे मिळून आपल्या चंद्राच्या काही टक्केच भरतात, आणि गुरूच्या ओढीमुळे तिथे ग्रह कधी जुळलाच नाही.

आकाशात पाहताना

ग्रह ‘वक्री’ होतो म्हणजे खरोखर मागे फिरतो, असे मानू नये. फास्ट लोकलमधून शेजारच्या रुळावरची स्लो लोकल ओलांडताना, दूरच्या इमारतींच्या पार्श्वभूमीवर ती मागे सरकल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात दोन्ही गाड्या एकाच दिशेने धावत असल्या तरी. पृथ्वी मंगळाला सुमारे दर २६ महिन्यांनी अशीच ओलांडते.

नवग्रह आणि सूर्यमालेचे ग्रह यांची सरमिसळ करू नये. पंचांगातील नवग्रहांत रवी आणि चंद्र आहेत, पृथ्वी नाही. राहू आणि केतू हे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाला, छेदते ते दोन बिंदू आहेत. तसेच ‘आज सहा ग्रह एका रेषेत’ असा संदेश आला, तर तो अपूर्व योग समजू नये. ग्रह आकाशात नेहमीच क्रांतिवृत्ताच्या आसपास, एका पट्ट्यात दिसतात, कारण ते एकाच तबकडीतून जन्मले आहेत.

मुंबईच्या उजेडात काहीच दिसत नाही, ही समजूतही सोडावी. आकाशगंगा दिसत नाही हे खरे, पण शुक्र, गुरू, मंगळ आणि शनी गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बुध मात्र सूर्याच्या आसपासच दिसतो, म्हणून तो शोधताना सूर्य पूर्ण मावळेपर्यंत द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांची दुर्बीण) डोळ्यांना लावूच नये. सूर्य चुकून टप्प्यात आला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. २०२७ च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत मंगळ वक्री असेल आणि १९ फेब्रुवारीला तो प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, येईल. डिसेंबरपासून दर आठवड्याला, एकाच गच्चीवरून, शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भाने त्याची जागा वहीत टिपत गेले, तर एप्रिलपर्यंत कागदावर उमटलेला वळसा मुलाच्या स्वतःच्या हातचा असेल.