इमिग्रेशन वकिलाच्या कार्यालयात द्विभाषिक सहायक होताना

न्यू जर्सीत एडिसन, आयसेलिन किंवा जर्सी सिटी भागातील इमिग्रेशन वकिलांकडे काम मिळवू पाहणाऱ्या मराठी मुलींचे मला अधूनमधून फोन येतात. बहुतेक जणी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर असलेल्या नवऱ्याबरोबर मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्या असतात, वर्क परमिट नुकतेच हाती पडलेले असते आणि प्रश्न जवळजवळ एकसारखे असतात: कोणता कोर्स करू, कायद्याची पदवी लागते का, आणि मराठी येण्याचा काही उपयोग होतो का. प्रत्येकीला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावे असे वाटले. एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज), प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली तारीख) ही भाषा या घरांतून रोजची असते, त्यामुळे ते समजावण्यात जास्त वेळ घालवत नाही.

मी सोलापूरला एका दिवाणी वकिलांकडे चार वर्षे काम केले होते. एलएल.बी.चे पहिले वर्ष झाले, लग्न झाले आणि २०१२ मध्ये मी इथे आले. पुढची तीन वर्षे घरी बसून काढली, कारण एच-४ वर काम करण्याची परवानगीच नव्हती. २६ मे २०१५ पासून, ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर आहे अशा काही एच-४ धारकांना वर्क परमिटसाठी अर्ज करता येऊ लागला आणि माझा अर्ज पहिल्याच महिन्यात गेला. ती तीन वर्षे मी विसरलेले नाही. आजही एखादी मुलगी फोनवर म्हणते की ताई, दोन वर्षांची गॅप आहे, कोण घेईल मला, तेव्हा माझ्या पोटात कालवते. गॅपमुळे कोणी नाकारत नाही. या कार्यालयांत निम्म्या अर्जदारांच्या आयुष्यात तीच गॅप असते आणि वकिलांना ती कशामुळे पडते हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

न्यू जर्सीत पॅरालीगल (वकिलाच्या हाताखाली कायद्याचे काम करणारी सहायक) किंवा लीगल असिस्टंट होण्यासाठी परवाना लागत नाही. कम्युनिटी कॉलेजातला संध्याकाळचा पॅरालीगल सर्टिफिकेट कोर्स मी केला आणि तो करण्यासारखा आहे, कारण कायद्याचे लेखन, फायली लावण्याची पद्धत आणि गोपनीयतेचे नियम तिथे नीट शिकवतात. आठवड्याच्या शेवटी दोन दिवसांत इमिग्रेशन पॅरालीगल बनवून देणाऱ्या ऑनलाइन वर्गांवर मात्र माझा अजिबात विश्वास नाही. तिथे फॉर्म कसा भरायचा हे दाखवतात, पण फॉर्मबरोबर येणारी सूचनांची पुस्तिका वाचायला कोणी बसवत नाही, आणि आमचे निम्मे काम त्या पुस्तिकेत असते. जुन्या आवृत्तीचा फॉर्म पाठवला की पाकीट जसेच्या तसे परत येते. १ एप्रिल २०२४ ला शुल्क बदलले त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक फाइल दोनदा उघडून पाहिली होती. आरएफईला, म्हणजे अर्जावर आणखी पुरावे मागणाऱ्या सरकारी पत्राला, उत्तर द्यायला जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात आणि ती तारीख चुकली तर त्यावर गोड बोलून काही निघत नाही. कॅलेंडर सांभाळणारी व्यक्ती कार्यालयात सर्वांत महत्त्वाची असते, आणि नवीन असताना ती व्यक्ती बहुधा तुम्हीच असता.

मराठीच्या उपयोगाबद्दल स्पष्ट सांगते. केवळ मराठीच्या जोरावर नोकरी मिळणार नाही. जाहिरातीत द्विभाषिक म्हटले की बहुतेक वेळा स्पॅनिश अभिप्रेत असते आणि आमच्या भागात त्यानंतर हिंदी व गुजराती विचारतात. पण ज्येष्ठ आई-वडिलांसाठी आय-१३० (नातेवाइकाच्या ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) भरला जातो, तेव्हा टेबलावर जे कागद येतात ते वाचायला मराठीच लागते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आणि तो लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी खेड्यात जन्मलेल्या माणसाकडे जन्मदाखला नसणे ही सामान्य गोष्ट आहे. मग अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे, कधी कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल असा संच उभा करावा लागतो. एका कुटुंबातील तीन भावंडांच्या दाखल्यांवर जन्मतारीख १ जून आहे हे पाहून वकील चमकतात आणि मग शाळा जूनमध्ये सुरू होत असे, तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, हे समजावणारे माणूस तुम्ही असता. तीच गोष्ट नावांची. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले नवे नाव, शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे नाव, पासपोर्टवर वडिलांच्या जागी आलेले पतीचे नाव, आणि गॅझेटमध्ये यातले काहीच न छापलेले. इथल्या अधिकाऱ्याला या चार निरनिराळ्या स्त्रिया वाटतात. त्या एकच आहेत हे कागदाने कसे दाखवायचे, ते ज्याला ही रीत ठाऊक आहे त्यालाच लवकर सुचते.

मात्र इथेच पहिला मोह होतो. परदेशी भाषेतील कागदाबरोबर पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावे लागते आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने लेखी प्रमाणित करावे लागते. माझ्या पहिल्या वर्षी एका दाखल्यावर वडिलांच्या नावात उघड चूक होती, वेलांटीच्या जागी मात्रा पडलेली. मी भाषांतरात ती दुरुस्त केली, कारण पासपोर्टशी जुळत नव्हते. आमच्या ज्येष्ठ पॅरालीगलबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, त्या अक्षरावर बोट ठेवले आणि मूळ कागदात काय आहे एवढेच विचारले. त्यांना मराठीचे अक्षर वाचता येत नव्हते, पण आकार वेगळा आहे हे त्यांनी पाहिले होते. चूक दाखवायची असेल तर वकील वेगळे निवेदन जोडतील, भाषांतरात चूक चूकच राहिली पाहिजे. मोडीतली नक्कल आली तर ती मी हातातही घेत नाही, कारण मला मोडी येत नाही आणि सक्षम असल्याची सही माझी असते.

या ज्येष्ठ पॅरालीगलबाई एल साल्वादोरहून आलेल्या आहेत आणि मी जे काही शिकले ते त्यांच्याकडून. वकील कायदा शिकवतात, पण काम ज्येष्ठ पॅरालीगल शिकवते, असे माझे ठाम मत आहे. जी व्यक्ती तुमची फाइल लाल शाईने भरून परत करते तिच्या शेजारची खुर्ची मागून घ्या. शाबास म्हणत सगळे पास करणाऱ्या माणसाकडे दोन वर्षे काढली तर ती फुकट जातील.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे लिहायला घेतले, ती सांगते. ती समजली नाही तर बाकीचे सगळे येऊनही तुम्ही कोणाचे तरी मोठे नुकसान कराल.

तुम्ही मराठीत फोन उचलता तेव्हा समोरच्या माणसाचा आवाज बदलतो. महिनाभर मनात दाबून ठेवलेला प्रश्न बाहेर येतो, आणि तो वकिलांना विचारलेला नसतो, तुम्हाला विचारलेला असतो. ताई, तुम्हाला काय वाटतं? या वाक्याला उत्तर देऊ नका. तुम्हाला उत्तर येत असेल तेव्हा तर मुळीच देऊ नका.

माझ्याकडून हे २०२२ च्या मार्चमध्ये घडले, म्हणजे मी नवीन नव्हते, माझी सहा वर्षे झाली होती. नाशिककडच्या एका क्लायंटबाईंचा सकाळी फोन आला. आईला हृदयविकाराचा झटका आला होता, ऑपरेशन ठरत होते. पती-पत्नी दोघांचे आय-४८५ (ग्रीन कार्डचे शेवटचे अर्ज) प्रलंबित होते आणि त्यांचा ॲडव्हान्स परोल, म्हणजे अर्ज प्रलंबित असताना परदेशी जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, अजून मंजूर झालेला नव्हता. त्यांनी रडत विचारले, “ताई, मी जाऊन येऊ का? एच-४ चा स्टॅम्प आहे माझ्याकडे.” मी म्हटले, एच-४ वैध असेल तर परोलशिवाय जाऊन एच-४ वर परत येता येते. मी सांगितलेला नियम बरोबर होता. एच-१ आणि एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) वरच्या लोकांना आणि त्यांच्या जोडीदारांना तशी सवलत आहे. त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.

सवयीने मी फाइलमध्ये फोनची नोंद केली: क्लायंट पुढच्या आठवड्यात भारतात जाणार, एच-४ वर परत येणार. संध्याकाळी वकील ती नोंद वाचून केबिनबाहेर आले आणि त्यांनी विचारले, कोणता एच-४? त्यांच्या पतीने जानेवारीत नोकरी बदलली होती आणि नवी नोकरी एच-१बीवर नव्हे, तर आय-४८५ बरोबर मिळालेल्या वर्क परमिटवर धरली होती. पतीचा एच-१बी संपला त्या दिवशी पत्नीचा एच-४ संपला. पासपोर्टवरचा स्टॅम्प दिसायला जिवंत होता, पण त्याच्या मागचे स्टेटस उरले नव्हते. त्या बाई तशाच विमानात बसल्या असत्या तर त्यांचा आय-४८५ सोडून दिला असे धरले गेले असते. भारतात जन्मलेल्या माणसाने दहा-दहा वर्षे रांगेत काढून मिळवलेली जागा माझ्या एका वाक्यावर गेली असती.

वकिलांनी त्यांना लगेच फोन केला. तिकीट बदलले, रुग्णालयाचे पत्र मागवले, तातडीच्या ॲडव्हान्स परोलसाठी यूएससीआयएसच्या (हे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याच्या) कार्यालयात भेट मिळवली. परोल मिळाला आणि बाई गेल्या, पण त्या नाशिकला पोहोचल्या तेव्हा आईचे ऑपरेशन होऊन गेले होते. ऑपरेशनच्या आधी त्यांना आईजवळ बसायचे होते. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते मला आजही जड जाते.

हे मी इतके सविस्तर सांगते कारण यात चूक कुठे झाली हे नवीन माणसाला चटकन दिसत नाही. मला नियम ठाऊक नव्हता असे नाही. नियम कोणाला लागू होतो हे ठरवण्यासाठी जी माहिती लागते ती मी विचारली नाही, कारण ती विचारण्याचे आणि त्यावरून ठरवण्याचे काम माझे नव्हते. ते वकिलाचे काम आहे. वकील नसलेल्याने कायद्याचा सल्ला देणे हा न्यू जर्सीत गुन्हा आहे, हे आम्हाला कोर्समध्ये पहिल्याच महिन्यात शिकवले होते आणि मी ते परीक्षेत नीट लिहिलेही होते. पण मराठीत बोलताना आपण सल्ला देतो आहोत असे वाटतच नाही, शेजारच्या ताईने धीर दिला असे वाटते. इंग्रजीतून तोच प्रश्न आला असता तर मी तत्काळ म्हटले असते की वकिलांना विचारून सांगते. माझी जीभ फक्त मायबोलीत घसरली.

म्हणून आता माझे एक ठरलेले वाक्य आहे आणि ते मी नवीन मुलींकडून पाठ करून घेते: “तुमचा प्रश्न मी आत्ता तुमच्याच शब्दांत लिहून घेते, वकिलांना दाखवते आणि त्यांचे उत्तर आजच कळवते.” हे कोरडे वाटेल अशी भीती बाळगू नका. त्या दिवशी संध्याकाळी उत्तर खरोखर कळवलेत तर कोणालाही ते कोरडे वाटत नाही. दुभाषी म्हणून बसाल तेव्हाही तेच. अनेक फॉर्मच्या शेवटी दुभाषाच्या सहीचा स्वतंत्र भाग असतो आणि तिथे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून सही होते. अर्जदार म्हणाला ते जसेच्या तसे इंग्रजीत, अधिकारी म्हणाला ते जसेच्या तसे मराठीत. “यांना असं म्हणायचं आहे” हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत.

याच कारणाने प्रवासाच्या किंवा टॅक्सच्या दुकानांत बसून फॉर्म भरून देणाऱ्यांकडे पहिली नोकरी घेऊ नका. स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना ‘नोतारियो’ म्हणवणाऱ्यांनी असेच लुबाडले आहे, कारण त्यांच्या देशांत तो शब्द कायदेपंडिताला वापरतात. आपल्याकडेही तीच गफलत होते. भारतात नोटरी म्हणजे अनेक वर्षे वकिली केलेला माणूस, इथे नोटरी पब्लिक होण्यासाठी वकील असावे लागत नाही. भाषांतरावर नोटरीचा शिक्का हवाच असा आग्रह धरणारे क्लायंट तुम्हाला भेटतील. यूएससीआयएसला तो लागत नाही, लागते ते भाषांतरकाराचे प्रमाणपत्र.

हे वाचून घाबरू नका. सल्ला देण्याची ओढ ज्यांना खरोखर आहे, त्यांच्यासाठी रीतसर वाटा आहेत. मान्यताप्राप्त ना-नफा संस्थेत काम करणाऱ्या, वकील नसलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या न्याय खात्याकडून अधिस्वीकृत प्रतिनिधी होता येते. अंशतः अधिस्वीकृतीवर यूएससीआयएससमोर, पूर्ण अधिस्वीकृतीवर इमिग्रेशन न्यायालयातही बाजू मांडता येते, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. भारतातील एलएल.बी. पूर्ण असेल तर न्यूयॉर्कची बार परीक्षा देण्याचा मार्ग आहे, त्यासाठी बहुतेकांना आधी इथे एलएल.एम. करावे लागते. इमिग्रेशन हा संघराज्याचा कायदा असल्यामुळे कोणत्याही एका राज्याचा परवाना त्यासाठी चालतो. मी सध्या शनिवारी एका ना-नफा संस्थेत जाते आणि पहिल्या वाटेची तयारी करते आहे. दहा वर्षे उशीर झाला असे कधी वाटते, पण मागच्या शनिवारी तिथे पासष्ट वर्षांच्या एक बाई शिकायला आल्या होत्या.

मुलाखतीला जाल तेव्हा बहुधा एखादे पान भाषांतराला देतील, जन्मनोंदीचा उतारा किंवा विवाहाचा दाखला. घाई करू नका. समासातल्या नोंदी, ग्रामसेवकाची सही, कोपऱ्यातला गोल शिक्का, सगळे उतरवा. शिक्का वाचता येत नसेल तर त्या जागी शिक्का अस्पष्ट आहे असे लिहा, अंदाजाने गावाचे नाव भरू नका.