रोज कामावर जाणारी लाकडी मॉरिस ट्रॅव्हलर: लाकूड कसं टिकवायचं

मॉरिस मायनर ट्रॅव्हलर ही गाडी ब्रिटनमध्ये १९५३ ते १९७१ या काळात तयार झाली. मागच्या अर्ध्या भागाला ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्या चौकटीत बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. पाहणाऱ्याला ही लाकडं शोभेची वाटतात, पण मागच्या बाजू, छताचा मागचा भाग आणि मागचे दोन्ही दरवाजे त्यांच्याच आधारावर उभे असतात. माझी १०९८ सीसीची ट्रॅव्हलर गेली अकरा वर्षं रेडिंगहून स्लाऊला आणि परत, ए-फोर रस्त्याने जाते. पावसात जाते, जानेवारीत बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यावरूनही जाते.

अशी गाडी रविवारच्या उन्हातच काढावी, असं सांगणारे भरपूर भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. ताडपत्री घालून बंद गॅरेजात उभी केलेली ट्रॅव्हलर रोज पळणाऱ्या ट्रॅव्हलरपेक्षा लवकर कुजते, कारण तिच्या लाकडाला वारा लागत नाही.

आधी यंत्राची बाजू, थोडक्यात. ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे जुने पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर घ्या. हिवाळ्यात संध्याकाळी दिवे, वायपर आणि हीटर एकदम चालले की डायनॅमो पुरा पडत नाही. मूळ गाडी पॉझिटिव्ह अर्थची असते, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं; ती निगेटिव्ह करून घेतल्याशिवाय अल्टरनेटर जोडू नका. ऑइल २०डब्ल्यू५०, दर ३००० मैलांना. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल म्हणजे ई-टेन, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आणि जुने रबरी पाइप त्याने खराब होतात. त्यामुळे पाइप बदला आणि महागडं, कमी इथेनॉलचं ई-फाइव्हच भरा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यांचं ॲडजस्टमेंट सर्व्हिसिंगच्या वेळी हातानेच करावं लागतं.

यात एकच गोष्ट जिवावरची आहे: पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यांवर वळतं ते आट्यांचे सांधे. त्यांचे आटे ग्रीसवर जगतात. ग्रीस नसेल तर आटे झिजतात, चाक आत दुमडतं आणि गाडी नाकावर बसते. मी दर १००० मैलांना, गाडी जॅकवर उचलून, चाकावरचा भार काढून ग्रीस भरतो. गाडी जमिनीवर उभी असताना भरलेलं ग्रीस हवं तिथपर्यंत पोचत नाही.

आता लाकूड. इथे मी दोन वर्षं वाया घालवली.

आमच्या कोकणातल्या घरात सागाचे खांब होते. पावसाळ्यामागून पावसाळे गेले तरी त्यांना काही झालं नाही, त्यामुळे लाकूड म्हणजे पॉलिश केलं की झालं, ही समजूत माझ्या अंगात मुरलेली. पण ॲश म्हणजे साग नव्हे. सागात स्वतःचं तेल असतं. ॲश चिवट आणि लवचिक आहे, म्हणून क्रिकेटचे स्टंप आणि हातोड्यांचे दांडे त्याचे करतात. पण ओलीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. २० टक्क्यांहून जास्त ओलावा त्यात मुरून राहिला की बुरशी धरते, आणि एकदा धरली की वरून कितीही लावा, आतलं काम चालूच राहतं.

पहिल्या वर्षी दुकानदाराने सांगितलं, बोटीचं व्हार्निश चार हात मारा आणि विसरून जा. मी ऑक्टोबरात मारलं. गाडी आरशासारखी चमकत होती. मार्चमध्ये खालच्या आडव्या पट्टीवर एक काळी रेघ दिसली. तिथे आरी टोचली तर ती मुठीपर्यंत आत गेली. लाकूड आतून ओलं असतानाच मी त्याच्यावर काचेसारखा कडक थर चढवला होता. गाडी चालताना सांधे हलतात, थराला केसाएवढ्या भेगा पडतात, भेगांतून पाणी आत जातं आणि थरामुळे बाहेर पडू शकत नाही. दुसऱ्या वर्षी भेगा पुटीने बुजवल्या. तो तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होता. पाणी येत होतं वरून, खिडकीच्या खाचेतून, आणि मी खालची भेग बुजवत बसलो होतो.

म्हणून काम खिडकीपासून सुरू करा. बाजूच्या सरकत्या काचा ज्या खाचेत चालतात, तिच्या तळाशी पाणी जायला छिद्रं असतात. त्यात पानं, माती आणि खाचेतल्या मऊ अस्तराचा भुगा साचतो. मग खाचेची पन्हळ होते, पाणी लाकडात झिरपतं आणि उभ्या खांबांतून उतरत खालच्या पट्टीत जमतं. काचा काढा, जुनं अस्तर उपटून टाका, छिद्रं तारेने मोकळी करा आणि कपभर पाणी ओतून बघा. ते गाडीच्या बाहेर टपकलं पाहिजे. बाहेर येत नसेल तर पुढचं काही करू नका, आधी वाट काढा. अस्तर नवीनच घाला, ते महाग नाही.

मग जुना थर पूर्ण काढा. मी धारदार स्क्रेपर वापरतो. हीट गनने पत्र्याचा रंग आणि काचेचं रबर जातं. थर निघाला की गाडी छपराखाली, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी उभी करा. हे काम मे ते ऑगस्टमध्येच करायचं, इंग्लंडच्या हिवाळ्यात लाकूड सुकत नाही. लाकडात टोचायचं ओलावा मीटर घ्या. माझ्या खालच्या पट्टीत पहिल्या दिवशी २६ टक्के होतं, १६च्या खाली यायला पाच आठवडे लागले. मधेच घाई करून रंग लावायचा मोह होतो. लावलात तर तुमची गाडी माझ्या पहिल्या वर्षावर येईल.

काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. हातमोजे आणि चष्मा घाला, नंतर भरपूर पाण्याने पुसा आणि पुन्हा सुकू द्या. लोखंडी स्क्रू दिसले तर काढून पितळी किंवा स्टेनलेस लावा, डाग बहुधा त्यांच्याच भोवती पडतात. १२० आणि मग १८०चा पॉलिश पेपर मारा. त्याहून बारीक मारलात तर लाकूड गुळगुळीत होतं आणि रंग पीत नाही.

लावायचं काय? श्वास घेणारा, पातळ, लवचिक वुडस्टेन, खिडक्या-दारांना बाहेरून लावतात तो. त्याला व्हार्निशची चमक नाही, हे खरं. पण तो आतली वाफ बाहेर जाऊ देतो, आणि पुढच्या वर्षी न खरवडता त्याच्यावरच नवा हात देता येतो. तीन पातळ हात द्या. जिथे लाकूड आडवं कापलेलं आहे, म्हणजे खांबांची टोकं आणि सांध्यांची तोंडं, तिथे ते प्यायचं थांबेपर्यंत लावत राहा. आतली बाजू विसरू नका. आतले पॅनेल काढले की बहुतेक गाड्यांत कोरं लाकूड दिसतं, आणि काचेवरची वाफ रोज सकाळी त्यावरच उतरते. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये मॅस्टिकची, म्हणजे कायम मऊ राहणाऱ्या चिकट लांबीची पट्टी घाला. सिलिकॉन नको, त्याच्यावर पुढे कुठलाच रंग धरत नाही.

एवढं झालं की रोजचं काम सोपं आहे. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर कोमट पाण्याने मीठ धुवा. प्रेशर वॉशर गाडीजवळ आणू नका, तो पाणी थेट सांध्यात घुसवतो. पाऊस थांबला की काचा बोटभर उघड्या ठेवा. दरवर्षी जूनमध्ये खालच्या पट्टीला आणि खिडकीखालच्या आडव्या लाकडाला एक हात.

क्लासिक विम्यात कामावर जाणं बहुधा धरलेलं नसतं, ते सांगून लिहून घ्या. ४० वर्षांहून जुन्या आणि फार बदल न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का या तपासणीची, सक्ती नाही. तरीही दरवर्षी करून घ्या. लाकूड गाडीच्या सांगाड्याचा भाग असल्याने तपासनीस तेही बघतो, आणि ज्या कोपऱ्यावर आपली नजर सरावलेली असते तिथे त्याची अडते.

आणि दर सप्टेंबरला, पावसाळी दिवस सुरू व्हायच्या आत, खालची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरीने टोचत जा. टणक लागलं तर पुढे सरका. मऊ लागलं तर पुटी किंवा इपॉक्सी भरू नका. तेवढा तुकडा चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढा आणि नवीन ॲश सांधा. खांबाच्या मुळाशी मऊ लागलं तर मात्र पूर्ण बाजू उतरवूनच काम करावं लागतं. ते एकट्याने करू नका. गाडीची चौकट वाकडी न होता धरायला जाणता माणूस सोबत हवा.