एल-सी सर्किट: सूत्राआधी चिन्ह ठरवा

एल-सी सर्किट म्हणजे कॉइल (एल) आणि कपॅसिटर (सी) एकमेकांना जोडलेले, ज्यात चार्ज मागेपुढे झुलतो. त्या झुलण्याचा वेग, म्हणजे कोनीय वारंवारता ओमेगा, बरोबर १/√(एलसी) हे बारावीतच तोंडपाठ झालेलं असतं. बी.एस्सी.ला आल्यावर कुणी म्हणतं, "हे काढून दाखव." मग तिसऱ्या-चौथ्या ओळीत चार्ज झुलायचं सोडून वाढतच सुटतो. अशा वेळी आपलं गणित कच्चं आहे असं समजून खचू नका. चूक बहुतेक वेळा एका उणे चिन्हाची असते, आणि ते चिन्ह गणितात नाही, आकृतीत ठरतं.

हिशेबासाठी एकच सर्किट धरू: १० मिलिहेन्रीची कॉइल आणि ५ व्होल्टला चार्ज केलेला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ओमेगा येतो १०,००० रेडियन प्रतिसेकंद, वारंवारता साधारण १५९२ हर्ट्झ आणि एका झोक्याला वेळ ०.६२८ मिलिसेकंद. सुरुवातीचा चार्ज ५ मायक्रोकूलोम, करंट जास्तीत जास्त ५० मिलिअँपिअर. ऊर्जा दोन्हींकडून मोजा. अर्धा सीव्ही-वर्ग १२.५ मायक्रोज्यूल, अर्धा एलआय-वर्गही तेवढाच. हा ताळा जमेपर्यंत पुढे सरकू नका.

आता चिन्ह. कपॅसिटरची वरची प्लेट निवडा, तिच्यावरच्या चार्जला क्यू म्हणा. मग तारेवर करंटचा बाण काढा. बाण कुठेही वळवा, चालतं. पण एकदा काढला की खोडायचा नाही. बाण वरच्या प्लेटकडे येत असेल तर आय = डीक्यू/डीटी, आणि लूपचं समीकरण क्यू/सी + एल(डीआय/डीटी) = ०. बाण प्लेटपासून दूर जात असेल तर करंट धन असताना प्लेटवरचा चार्ज कमी होतोय, म्हणून आय = −डीक्यू/डीटी. तेव्हा लूपचं समीकरण क्यू/सी = एल(डीआय/डीटी). दोन्ही वाटांनी शेवटी एकच येतं: क्यूचा दुसरा डेरिव्हेटिव्ह = −क्यू/एलसी. उणे आलं म्हणजे चार्जला शून्याकडे परत ओढणारं काहीतरी आहे, म्हणूनच झोका.

घात होतो तो सरमिसळीत. कपॅसिटर डिस्चार्ज होतोय म्हणून समीकरण दुसऱ्या वाटेचं लिहिलं जातं आणि सवयीने आय = डीक्यू/डीटी पहिल्या वाटेचं. उणे गळतं, आणि कोसाइनच्या जागी घातांकी उत्तर उभं राहतं. आपल्याच सर्किटमध्ये आकडे घालून पाहा: ५ व्होल्टचा कपॅसिटर एका मिलिसेकंदात ५५ हजार व्होल्टवर जायला हवा. चार्ज करणारा सेल काढून टाकलेला आहे, १२.५ मायक्रोज्यूलपलीकडे सर्किटमध्ये काही नाही. असं उत्तर आलं की खाली उणे चिकटवून मोकळं होऊ नका, वर जाऊन बाण पाहा. उत्तर माहीत आहे म्हणून मधेच चिन्ह बदलणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे, कारण पुढे रेझिस्टन्स जोडला की त्याच जागी पुन्हा अडकायला होतं, आणि तेव्हा उत्तर पाठ नसतं.

स्प्रिंग आणि वजनाची तुलना चांगलीच आहे: एल म्हणजे वस्तुमान, १/सी म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा. पण ती चिन्ह ठरल्यावर वापरा. तिचा खरा उपयोग ०.१५७ मिलिसेकंदाला होतो. त्या क्षणी प्लेटा रिकाम्या असतात, कॉइलवर व्होल्टेज शून्य असतं आणि करंट मात्र पूर्ण ५० मिलिअँपिअर. "चार्ज संपला, मग करंट कोण ढकलतंय?" हा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो. कुणीच ढकलत नाही. कॉइलला व्होल्टेज लागतं ते करंट बदलायला, चालू ठेवायला नाही. म्हणून करंट तसाच पुढे जातो आणि खालची प्लेट धन करतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रींनी लायडन जार (काचेच्या बरणीचा जुना कपॅसिटर) तारेच्या वेटोळ्यातून रिकामी करून आत ठेवलेल्या सुया पाहिल्या. काही सुयांचं चुंबकत्व उलट्या दिशेचं निघालं. त्यावरून १८४२ मध्ये त्यांनी सांगितलं की विद्युत एकदाच वाहून थांबत नाही, मागेपुढे होते. विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी त्याचं गणित १८५३ मध्ये मांडलं.

टेबलावर जोडणी करताना पहिली गोष्ट: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नको. चार्ज उलटतो, म्हणजे त्याच्यावर उलटं व्होल्टेज येतं. पॉलिएस्टरचा घ्या. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात मागताना त्याच्यावरचा छापील अंकही सांगा. १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड, १०४ म्हणजे ०.१. चुकून १०४ आला तर वारंवारता तिपटीहून थोडी जास्त येते आणि दोष मात्र कॉइलला दिला जातो. कॉइल शक्यतो एअर-कोअर घ्या. छोटी ड्रम-कोअर चोक ५० मिलिअँपिअरला सॅच्युरेट होऊ शकते, म्हणजे तिच्या गाभ्याचं चुंबकत्व आणखी वाढत नाही.

टू-वे स्विचची मधली पट्टी कपॅसिटरला, एक बाजू ५ व्होल्टला, दुसरी कॉइलला. डीएसओ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप) सिंगल मोडवर, ट्रिगर उतरत्या कडेला ४ व्होल्टवर, आडवा ०.५ मिलिसेकंद प्रतिघर. पहिल्या चार-पाच शॉटमध्ये तुटकतुटक वेव्ह येईल. ती स्विचच्या पट्टीची थरथर असते, सर्किट बिघडलेलं नसतं. स्वच्छ शॉट मिळेपर्यंत करत राहा, मिळतो.

आणि वेव्ह विझणारच. कॉइलचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर शिखरं ५, २.७, १.४, ०.७५ व्होल्ट अशी उतरतात आणि चार-पाच मिलिसेकंदांत सगळं सपाट होतं. मोबाइलवरच्या सिम्युलेटरमध्ये न थकणारी कोसाइन पाहून आलेली मुलं इथे घाबरतात. तो सिम्युलेटर रेझिस्टन्स घालूनच बघावा असं माझं ठाम मत आहे. एकूण रेझिस्टन्स २०० ओहमवर गेला, म्हणजे २√(एल/सी) इतका झाला, की एकही झोका दिसत नाही. फंक्शन जनरेटर सीरीजमध्ये जोडणाऱ्यांनी त्याचे स्वतःचे ५० ओहम विसरू नयेत. त्याच्यासोबत ०.०१ मायक्रोफॅरड वापरा, झोके पुष्कळ मिळतात.

नागपुरात आणखी एक भानगड आहे. जानेवारीत सकाळी १५ अंशांना घेतलेली रीडिंग मे महिन्यात ४५ अंशांच्या लॅबमध्ये जुळत नाही. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २० ओहमचे २२.४ होतात. दुसरं शिखर २.७ ऐवजी २.५ वर येतं, वारंवारता मात्र हलल्याचं कळतही नाही. जर्नलमध्ये कॉइलचा रेझिस्टन्स त्या दिवशीच मोजून लिहा. लॅब अटेंडंटला विचारलंत तर कोणती कॉइल किती ओहमची आहे हे तो क्लासच्या नोट्सपेक्षा नेमकं सांगेल.

हे जमलं की रेडिओचं ट्यूनिंग वेगळं शिकावं लागत नाही. आकाशवाणी नागपूरची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झ. फेराइट रॉडवर २५० मायक्रोहेन्रीची कॉइल असेल तर कपॅसिटर लागतो साधारण २९६ पिकोफॅरडचा, म्हणजे ३६५ पिकोफॅरडच्या गँगमध्ये (फिरवून बदलता येणाऱ्या कपॅसिटरमध्ये) आरामात बसणारा. तिथेही कॉइलचे ओहम जितके जास्त, तितकी शेजारची स्टेशनं आत घुसतात.