‘डोकं जड झालंय’ एवढं सांगितलं तरी चालतं

सांगलीत विश्रामबागेत माझी दोन खोल्यांची जागा आहे. मनाचा त्रास होणाऱ्यांसाठी मी तिथं समुपदेशन करते. चपलांचा स्टँड मी मुद्दाम दाराच्या आत ठेवलाय, कारण इथं माणूस चपलेवरूनसुद्धा ओळखला जातो. काहीजण गाडी दोन गल्ल्या सोडून लावतात आणि चालत येतात. तुम्हालाही तसंच यावंसं वाटलं तर खुशाल या.

पण आधी फोन करून फी विचारा, वेळ विचारा (बैठक साधारण पाऊण तासाची असते) आणि समोरच्याचं शिक्षण विचारा. मी मानसशास्त्रात एम. ए. केलं, पुढं समुपदेशन शिकले. मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात. ते एमबीबीएसनंतर याच विषयात शिकलेले डॉक्टर असतात. पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची (अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का ते विचारा. विचारलं म्हणून कुणी चिडलं, तर तिथं जाऊ नका.

आत आल्यावर काय बोलायचं, ही सगळ्यांची धास्ती. ‘डिप्रेशन’, ‘अँक्झायटी’ असले शब्द आलेच पाहिजेत असं नाही. एक आण्णा आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). म्हणाले, “काय न्हाई वो मॅडम, पावसाळा आला की जीव घाबराघुबरा हुतोय. रात्री तीनला उठून मोबाइलवर पाणी बघतो.”

पाणी म्हणजे कृष्णेचं. आयर्विन पुलापाशी किती फूट झालं, हे पावसाळ्यात अख्खी सांगली बघते. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आण्णांच्या घरात पाणी शिरलं होतं. बाहेरगावच्या एखाद्याला त्यांचं हे फूट बघणं म्हणजे आजार वाटला असता. मी विचारलं, “आण्णा, जानेवारीतही बघता का?” ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “बघतो की. दगडं उघडी पडल्याली दिसत्यात, तरी बघतो.” तिथून आमचं काम सुरू झालं. बघणं बंद करा, असं मी सांगितलं नाही. पावसाळ्यात सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि रात्री मोबाइल सुनेच्या खोलीत, एवढंच ठरवलं. धोक्याचा निरोप आला तर सून उठवणार. ते पाळायलाही त्यांना दीड महिना लागला.

तेव्हा, तुमच्या शब्दांत बोला. छातीत धडधडतं, करमत नाही, जेवण गोड लागत नाही. कधीपासून आणि कुठल्या वेळी, ते जमल्यास कागदावर लिहून आणा. चालू गोळ्यांची पाकिटंही आणा. थायरॉइड बिघडलं तरी मन उदास होतं.

देवऋष्याकडे जाऊन आला असाल तर लपवू नका. मी तासगावकडच्या द्राक्षबागेतल्या घरात वाढले. आजी सकाळी अंगारा लावायची आणि दुपारी मिरजेच्या डॉक्टरची गोळी घ्यायची. तिला त्यात काही विसंगत वाटत नसे. तरीही शिकून आल्यावर पहिल्याच वर्षी मी माती खाल्ली. अंगात येणाऱ्या एका बाईंना “असं काही नसतं” म्हणाले. त्या हसल्या, पैसे दिले, पुन्हा आल्या नाहीत. आता मी विचारते, अंगात आल्यावर घरातलं कोण कोण ऐकतं तुमचं? आणि एरवी? उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. मात्र कुणी मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असे उपाय सांगत असेल, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तिथं मी श्रद्धेचा मुलाहिजा ठेवत नाही.

सोबत कुणाला आणायचं? ज्याच्यासमोर रडता येईल त्याला. सासूबाई “आमच्यासमोरच बोल” म्हणाल्या, तर पहिली दहा मिनिटं मी सगळ्यांना बसवते, त्यांना चहा देते, मग बाहेर पाठवते. तुमचं बोलणं गुप्त ठेवलं जाईल का, आणि कुठल्या वेळी नाही, हे पहिल्याच भेटीत विचारा. जिवाला धोका असेल तर मी घरच्यांना सांगते, आणि तसं आधीच बजावते. आत्ताच जीव नकोसा झाला असेल तर माझ्या वेळेची वाट बघू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा फोन रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि एकटं राहू नका.

तीन-चार बैठकांनंतरही समोरचा तुमच्या बोलण्याला उगाच हसतोय, किंवा “सासर सोडा, मोकळ्या व्हा” असं घरची परिस्थिती न विचारता सांगतोय असं वाटलं, तर स्पष्ट म्हणा, “मला हे पटलं नाही.” भिडेपोटी गप्प बसून येणं बंद करण्यापेक्षा ते बरं. मलाही लोक म्हणतात. एका काकूंनी तर अर्धा किलो बेदाणे टेबलावर ठेवून सांगितलं, “मॅडम, गेल्या टायमाला तुम्ही लई घाई केली.” केली होतीच. बेदाणे बाहेरच्या बाकावर ठेवले, सगळ्यांसाठी, आणि तो विषय पुन्हा पहिल्यापासून काढला.