विदर्भाच्या शिवारात नाइफने तैलरंगातील निसर्गचित्र

विदर्भात बाहेर बसून ब्रशऐवजी पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट पात्याने, तैलचित्र रंगवायचे तर दिवाळी ते होळी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तेव्हा पऱ्हाटीला कापूस फुटलेला असतो, पुढे पळस फुलतो आणि ऊनही सोसवते. आपण स्वतः, पॅलेट (रंग मिसळायची पाटी) आणि बोर्ड हे तिन्ही एकाच सावलीत येतील अशी जागा धरावी. बोर्डावर थेट ऊन असेल तर डोळा फसतो, रंग गरजेपेक्षा गडद मिसळला जातो आणि घरी आणलेले चित्र काळवंडलेले दिसते.

ताणलेला कॅनव्हास पात्याच्या दाबाने लवतो, म्हणून गेसो (रंगाखालचे पांढरे अस्तर) दिलेला ८ × १० इंचांचा प्लायचा तुकडा घ्यावा. आदल्या दिवशी त्यावर ॲक्रिलिक बर्न्ट सिएनाचा पातळ हात द्यावा, म्हणजे राहून गेलेल्या फटींतून पांढऱ्याऐवजी तांबूस रंग दिसतो. नाइफ लवचिक पात्याचा आणि दांड्याजवळ वाक असलेला हवा, नाहीतर बोटे ओल्या रंगाला लागतात.

काळ्या रंगाची ट्यूब घरीच ठेवावी. आपली काळी माती रंगवताना बहुतेकांचे चित्र इथेच बिघडते, कारण ती माती नुसती काळी नसते. ओलीत केलेल्या वावरासाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना मिसळून दाट गडद रंग तयार करावा; सुकून भेगाळलेल्या भागासाठी त्यातच टायटॅनियम व्हाइट आणि थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) घालावा. सकाळच्या तिरप्या उन्हात ढेकळांचे माथे उबदार दिसतात आणि नांगराच्या तासांमधल्या (सऱ्यांमधल्या) सावलीत आभाळाचा निळसरपणा उतरतो, तेव्हा सावलीत अल्ट्रामरीन वाढवावे. पाते तासांच्या दिशेनेच ओढावे आणि भेगा पात्याच्या कडेने उमटवाव्यात.

बोर्डाला हात लावण्यापूर्वी आभाळ, दूरचा धुरा (बांध) आणि जवळची जमीन यांचे रंग पॅलेटवर पूर्ण मिसळून घ्यावेत. गडद भाग आधी, पातळ खरवडून लावावेत. उजेडाचे भाग नंतर, जाड थरात. प्रत्येक फटकाऱ्यानंतर पाते पुसावे आणि लावलेला रंग पुन्हा चाळवू नये, कारण खालचा ओला रंग वर येऊन सगळे गढूळ होते. तसे झालेच, तर तेवढा भाग खरवडून काढून नव्याने लावावा. पळस शेवटी घ्यावा: कॅडमियम रेड आणि यलो, पांढरा अजिबात न घालता, टोकाने ठेवून पाते सरळ उचलावे. दूरच्या कापसाची बोंडे एकेक टिपत बसण्यापेक्षा एक फिकट पट्टा पुरतो. सावल्यांच्या जागा सुरुवातीलाच ठरवाव्यात आणि साधारण दोन तासांत थांबावे. त्यानंतर समोरचा उजेडच वेगळा झालेला असतो.

नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा यांची १९५०च्या दशकातील फ्रान्समधील निसर्गचित्रे या जाड थरांसाठी अवश्य पाहावीत.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. वर साय धरली तरी जाड थर आतून कित्येक महिने ओला राहतो, त्यामुळे व्हार्निशची घाई करू नये. तेलकट चिंध्यांचा बोळा मात्र याच क्रियेने आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तो गाडीच्या डिकीत ठेवू नये; चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.