नागपुरात रंगकामाचा ठेकेदार ठरवताय? या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर नागपुरात चांगला पेंटर सापडणं कठीणच. मग घाईत तिघांना फोन होतात, स्क्वेअर फुटाचा भाव विचारला जातो आणि सगळ्यात स्वस्त असेल त्याला होकार. पण माप कसं धरणार, हे कुणी विचारत नाही.

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. फरशी १२० चौरस फूट, पण रंग लागतो भिंतींना ४४० आणि छताला १२०, म्हणजे ५६०. त्यातून ७ बाय ३ चा दरवाजा आणि ४ बाय ४ ची खिडकी वजा केली की ५२३ उरतात. समजा एकाने १८ रुपये भाव सांगितला आणि वजावट केली नाही, तर बिल १०,०८० रुपये. दुसऱ्याने १९ सांगून वजावट केली, तर ९,९३७. स्वस्त कोण? पुट्टी (भिंत सपाट करणारा लेप), प्रायमर (रंगाआधीचा थर), घासाई आणि रंगाचे दोन हात याच भावात आहेत का, हेही विचारा. सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

भिंत न दाखवता फोनवरच सौदा पक्का करणं ही त्याहून मोठी चूक. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो. तो ज्या खिडकीत बसतो तिच्या खाली बघा: रंग फुगलेला, पोपडे सुटलेले, कुठे पांढरा खार. ही जागा बघून ‘पुट्टी मारून टाकू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. पोपडे खरवडायचे, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग पुट्टी. शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल अजून आत आहे. गच्ची गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, नाहीतर रंगाचे पैसे पाण्यात.

बाहेरच्या भिंती मे महिन्यात रंगवायला काढूच नका. पंचेचाळीसच्या पाऱ्यात तापलेल्या भिंतीवर रंग लावता लावताच सुकतो, पट्टे उमटतात. रंगवाव्याच लागल्या तर सकाळी पश्चिमेची भिंत आणि ऊन कलल्यावर पूर्वेची, असं न विचारता सांगणारा पेंटर चार पैसे जास्त मागत असला तरी त्यालाच काम द्या.

मालासकट ठेका दिला तरी कंपनी आणि रंगाचा प्रकार तुम्हीच ठरवा. काही डब्यांत पेंटरसाठी कंपनीचं बक्षिसाचं टोकन निघतं. ते त्याने खुशाल घ्यावं, पण टोकनासाठी कंपनी बदलू नये. सीलबंद डबा समोर उघडायला लावा, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. शेड कोडचा (रंगछटेच्या क्रमांकाचा) फोटो काढून ठेवा, पुढे टचअपला लागतो.

अर्धे पैसे आगाऊ दिले की माणसं दुसऱ्या साइटवर पळतात. पुट्टी झाली की थोडे, पहिला हात झाला की थोडे, असे द्या. शेवटचा हप्ता देण्याआधी रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत आडवा धरा. पुट्टीच्या लाटा नि रोलरचे पट्टे लगेच दिसतील. तिथे पेन्सिलीने खुणा करा आणि दुरुस्त झाल्यावरच पैसे मोजा.