गिटहब की बिटवॉर्डन? आधी काय ठेवायचंय ते बघा
बेळगावात कोडिंग शिकणारी पोरं मला हेच विचारतात, पासवर्ड गिटहबच्या प्रायव्हेट रेपोत, म्हणजे बाहेरच्यांना न दिसणाऱ्या कोडच्या फोल्डरात, टाकले तर चालतंय की, बिटवॉर्डनसारखं पासवर्ड जपणारं वेगळं ॲप कशाला. नाही चालत. गिटहब कोडसाठी आहे, कोणी कधी कुठली ओळ बदलली त्याची सगळी हिस्ट्री तिथं जपली जाते, आणि पासवर्डच्या बाबतीत नेमकं तेच अंगाशी येतं.

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचं बिलिंगचं काम माझा भाचा करत होता, डेटाबेसच्या पासवर्डसकट डॉट ईएनव्ही फाईल (प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची) पुश झाली, म्हणजे गिटहबवर चढली, पोरानं लगेच ती डिलीट करून परत पुश केलं आणि सुटलो म्हणाला. मी ती डिलीटची कमिट, म्हणजे त्या बदलाची नोंद, उघडून दाखवली, लाल पट्टीवर वजाच्या चिन्हापुढं पासवर्ड जसाच्या तसा! असं झालं तर आधी पासवर्डच बदला, हिस्ट्री साफ करणं नंतर. आणि त्या फाईलचं नाव पहिल्याच दिवशी गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटहबवर न पाठवायच्या फाईलींच्या यादीत, घाला.

पासवर्डसाठी बिटवॉर्डन घ्या, फुकटच्या प्लॅनमध्येसुद्धा कितीही पासवर्ड ठेवता येतात. खानापूरकडच्या गावात रेंज नसेल तर कीपास हे तसलंच ॲप बरं, त्याची फाईल आपल्याच मशीनवर राहते. मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकीचे सगळे उघडणारा एकच पासवर्ड, मात्र लांब पाहिजे, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, मराठी-कानडी मिसळलात तरी चालतंय, आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा कारण तो विसरलात तर कंपनीलाही काढून देता येत नाही.

कोड लिहीत नसाल तर गिटहब लागतच नाही. लिहीत असाल तर दोन्ही घ्या, गिटहबचा पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर दुसरा कोड मागणं) चालू, आणि तो कोड मिळाला नाही तर वापरायच्या रिकव्हरी कोडची प्रिंट त्याच कपाटात.